तृतीया प्रकृति आणि उत्तम पुरुष

मराठी भाषेंत ‘मी’ हें सर्वनाम एकच आहे. तें पुरुषाचें वेगळें आणि स्त्रीचें वेगळें असें नाहीं. परंतु त्या ‘मी’च्या मागोमाग क्रियापद आलें कीं, बोलणारा पुरुष आहे कीं स्त्री आहे याचा उलगडा तत्काळ होतो. मुलगा ‘मी जातों’ म्हणतो, मुलगी ‘मी जातें’ म्हणते. संस्कृतांत ‘गच्छामि’ हें दोघांसहि सारखेंच. बंगालींतहि क्रियापदावरून बोलणाराचें लिंग कळत नाहीं. इंग्रजीची गोष्ट तर शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. मराठी माणसास मात्र, ‘मला भूक लागली’ असलीं कांहीं वाक्यें सोडलीं तर, आपण कोण हें सांगितल्यावांचून आपल्याविषयीं फार वेळ बोलतांच येत नाहीं. अडीच-तीन वर्षांचें मूल हें आपोआप शिकतें, आणि त्यांत कांहीं विशेष घडलें असें घरांत कोणासहि वाटत नाहीं.

परंतु एखाद्या घरीं असें मूल असतें कीं, ज्यास सर्वजण मुलगा म्हणतात आणि जें पुनःपुन्हां ‘मी जातें’ असेंच म्हणतें. प्रथम घर हंसतें, मग दटावतें, आणि मूल दहा-बारा वर्षांचें झालें म्हणजे घराचा हात उगारला जातो. मूल शहाणें असलें तर तें गप्प बसावयास शिकतें. ज्यांस आपण तृतीयपंथी म्हणतों, त्यांपैकीं पुष्कळांच्या दुःखाचा आरंभ अशा एखाद्या क्रियापदापासूनच होतो. गेल्या कांहीं वर्षांत या मंडळींनीं आपला आवाज समाजाच्या कानीं घालण्याची जी खटपट चालविली आहे, तिच्याविषयीं आज या सदरांत चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील हें आम्ही जाणून आहों. ज्या मासिकाचीं पानें आजीपासून नातीपर्यंत घरांतील सर्वजणी उलटतात, त्यांत हा विषय कशाला, असें ते म्हणतील. यावर आमचें उत्तर असें कीं, हा विषय मुळीं घराबाहेरचा नाहींच. बारशाला किंवा लग्नाला टाळ्या वाजवीत जे दारीं येतात, ते कांहीं आकाशांतून पडलेले नसतात. ते कोणा तरी आईच्या पोटीं, कोणत्या तरी घरांत, आपल्यासारख्याच माणसांत जन्मास आलेले असतात. २०११ च्या जनगणनेंत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा रकाना प्रथमच ठेवण्यांत आला. त्यांत देशभर ४,८७,८०३ माणसांची नोंद झाली; महाराष्ट्रांत ती संख्या ४०,८९१ होती. लोकलज्जेस्तव पुष्कळांनीं तो रकाना टाळला असणार हें उघड आहे. तथापि या नोंदींत सहा वर्षांपर्यंतचीं मुलें जवळजवळ ५५ हजार होतीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एवढीं लहान मुलें गणना करणाराशीं स्वतः बोलत नाहींत. घरच्याच कोणीं तरी, आईनें म्हणा, आजोबांनीं म्हणा, उंबरठ्यावर उभें राहून ती माहिती सांगितलेली असते. तेव्हां हा प्रश्न घराचा आहे.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे, कारण या विषयांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत नेहमीं होते. कांहीं माणसांच्या देहाची घडणच जन्मतः स्पष्टपणें पुरुषाची किंवा स्पष्टपणें स्त्रीची नसते. दुसरीं कांहीं माणसें अशीं असतात कीं, देह पुरुषाचा, परंतु आपण स्त्री आहों ही अंतर्यामींची जाणीव अढळ. किंवा देह स्त्रीचा आणि जाणीव पुरुषाची. या दुसऱ्या जोडींतील शेवटच्यांची तर कोणाला दादच नसते, कारण तीं दारीं टाळ्या वाजवीत येत नाहींत. बहुधा तीं घरांतच कोंडलीं जातात आणि पुष्कळदां त्यांचें बळेंच लग्न लावून देण्यांत येतें. ही जाणीव म्हणजे वाईट संगतीचा परिणाम, नाद, किंवा सोंग आहे असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. परंतु वैद्यकशास्त्राचें मत आतां तसें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें संमत केलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणांत ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणांतून काढून टाकली. जो विकारच नव्हे, तो मार देऊन किंवा नवस बोलून बरा होईल ही आशा व्यर्थ होय.

आमचा पिंड संस्कृत पाठशाळेंत पोसलेला. म्हणून आपल्या पूर्वजांनीं या माणसांस कोठें ठेवलें होतें, हें पाहण्याची इच्छा आम्हांस सहजच झाली. अमरकोशांत यांच्यासाठीं जे शब्द दिले आहेत त्यांत ‘तृतीया प्रकृति’ हा एक आहे, आणि वात्स्यायनानेंहि तोच शब्द योजिला आहे. प्रकृति म्हणजे स्वभाव, मूळ घडण. विकृति हा शब्द जवळच हाताशीं असतां तो त्यांनीं घेतला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. व्याकरणकारांस तर लिंग ही किती निसरडी वस्तु आहे हें पक्कें ठाऊक होतें. बायको या एकाच अर्थीं ‘दार’ हा शब्द पुंलिंगी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी आणि ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. नदीचा कांठ तर ‘तटः’, ‘तटी’ आणि ‘तटम्’ असा तीनहि लिंगीं चालतो. महाभारतांत अज्ञातवासांतील अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या दारीं आला, तेव्हां त्या राजानें खातरजमा करून घेतली आणि मग त्यास आपल्या मुलीस नृत्य-गायन शिकविण्याच्या कामीं नेमलें. त्यास हांकून दिलें नाहीं, आणि चार नाणीं अंगावर फेंकून वाटेला लावलें असेंहि नाहीं. गुरूची जागा दिली.

परंतु एवढ्यावरून आमच्या पूर्वजांनीं सर्व कांहीं यथास्थित ठेवलें होतें असें म्हणून आनंद मानणें हें सत्यास सोडून होईल. मनुस्मृतीनें आणि याज्ञवल्क्यस्मृतीनें क्लीबास वडिलार्जित मिळकतींत वांटा नाकारला आहे. नांव दिलें, पण अंश दिला नाहीं. तथापि त्याच ठिकाणीं पुढें असेंहि सांगितलें आहे कीं, अशांना जन्मभर अन्नवस्त्र दिलेंच पाहिजे. मनूनें तर तें न देणारा पतित होतो असें म्हटलें आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींच्या शास्त्रानें वांटा नाकारला, तरी त्या माणसास घरांतून बाहेर काढण्याची मुभा दिली नाहीं. आपल्या काळांतील सुशिक्षित घरानें वांटा तर नाकारलाच, वर अन्नवस्त्र आणि उंबरठा हेहि नाकारले. आणि पुनः स्वतःस शास्त्राचा अभिमानी म्हणवून घेतलें. मनूच्याच कसोटीस लावलें तर पतित कोण ठरतो, याचा निवाडा वाचकांनीं करावा.

पुढें इंग्रजी अमदानींत परिस्थिति आणखी बिघडली. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा म्हणून जो कुप्रसिद्ध कायदा झाला, त्याचा दुसरा भाग या लोकांविषयींच होता. प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब या मुलखांत लागू झालेल्या त्या कायद्यान्वयें संशयितांचीं नांवें व पत्ते सरकारी नोंदवहींत लिहिले जात. नोंदवहींतील कोणी स्त्रीवेषानें रस्त्यावर दिसला, किंवा सार्वजनिक ठिकाणीं नाचला-गायला, तर त्यास वॉरंटावांचून पकडतां येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शके. त्यास मृत्युपत्र करतां येत नसे, दान देतां येत नसे, दत्तक घेतां येत नसे. १९११ मध्यें नवा कायदा झाला तेव्हां हा भाग त्यांतून गळला. परंतु चाळीस वर्षें पोलिसांच्या नोंदवहींत राहिलेलीं माणसें लोकांच्या मनांतील नोंदवहींतून मात्र गळलीं नाहींत. ज्याच्या वेषालाच शिक्षा होती आणि ज्याच्या मृत्युपत्रास किंमत नव्हती, त्याच्या बोलण्यास तरी किंमत कोण देणार?

संस्कृत व्याकरणांत ‘तो, ती, तें’ यांस प्रथमपुरुष म्हणतात. ‘तूं’ यास मध्यमपुरुष म्हणतात. आणि ‘मी’ यास उत्तमपुरुष हें नांव आहे. मराठी व्याकरणकारांनीं पुढें इंग्रजीच्या वळणानें ‘मी’ला प्रथम पुरुष केलें, पण आम्हांस जुनीं नांवेंच अधिक अर्थपूर्ण वाटतात. तृतीयपंथी मंडळी आजवर समाजाच्या बोलण्यांत केवळ प्रथमपुरुषीं होतीं: ‘ते आले’, ‘त्यांना कांहीं तरी देऊन वाटेला लावा’, ‘त्यांचा शाप वाईट’. फार झालें तर दारांतल्या देवघेवीपुरता मध्यमपुरुष, तोहि ‘तूं’ या एकेरींत. त्यांच्या तोंडचा आशीर्वाद आपण ऐकला, शाप ऐकला, टाळी ऐकली. त्यांचें म्हणणें मात्र ऐकलें नाहीं. या मंडळींच्या चळवळीचें सार आम्हांस असें दिसतें कीं, त्यांस उत्तमपुरुष पाहिजे आहे. आपण कोण आहों हें दुसऱ्यानें सांगूं नये, तें आपण सांगावें आणि तें मानलें जावें, एवढीच ती मागणी आहे.

ही मागणी कोठवर आली तें थोडक्यांत पाहूं. २००९ मध्यें निवडणूक आयोगानें मतदारांच्या यादींत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद करण्यास मान्यता दिली. तामिळनाडूनें त्याआधींच, २००८ मध्यें, या लोकांच्या कल्याणासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें होतें. २०१२ मध्यें लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें आत्मकथन मराठींत प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ असें आहे. ज्या शब्दानें लोक शिवी देतात, तोच शब्द त्यांनीं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपल्या हातानें ठेवला आणि त्याच्या मागें-पुढें ‘मी’ उभा केला. दिशा पिंकी शेख यांनीं ‘कुरूप’ या संग्रहांत आपल्या लोकांचें जिणें कवितेंत मांडलें. ज्यांस आपण केवळ टाळीचे धनी समजत होतों, त्यांनीं मराठी साहित्यांत आपलें पान मिळविलें आहे, हें ग्रंथप्रेमी घरांस कळावें म्हणून मुद्दाम सांगतों.

या खटपटीचा मोठा टप्पा म्हणजे १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निकाल होय. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाच्या अर्जावर न्यायमूर्ति राधाकृष्णन् व न्यायमूर्ति सिक्री यांनीं तो दिला; लक्ष्मीनारायण त्रिपाठी आणि मुंबईच्या गौरी सावंत यांनींहि त्या प्रकरणांत आपली बाजू मांडली होती. न्यायालयानें तिसऱ्या लिंगास कायद्याची मान्यता दिली. परंतु त्याहून महत्त्वाचें असें कीं, आपलें लिंग कोणतें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे, आणि त्यासाठीं शस्त्रक्रियेची अट घालणें बेकायदेशीर आहे, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. शिवाय या वर्गास सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेला समजून शिक्षणांत व नोकरींत सवलती द्याव्या असाहि आदेश दिला. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर, न्यायालयानें त्यांस उत्तमपुरुष बहाल केला.

निकालाच्या आधींचें जग आणि नंतरचें जग यांतील अंतर दोन निवडणुकींच्या हकीकतींवरून चांगलें कळतें. मध्य प्रदेशांतील कटनी येथें २००० च्या सुमारास कमला जान या तृतीयपंथी व्यक्तीस लोकांनीं महापौर म्हणून निवडून दिलें. तें पद स्त्रियांसाठीं राखीव होतें. कोणी तरी न्यायालयांत गेलें, आणि कमला जान ही स्त्री नव्हे या कारणावरून निवडणूक रद्द झाली. २००३ मध्यें उच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम ठेवला. लोकांनीं मत दिलें होतें, पण उमेदवारानें स्वतःविषयीं जें सांगितलें त्यास किंमत मिळाली नाहीं.

आतां दुसरी हकीकत आपल्याच महाराष्ट्रांतील. जळगांव जिल्ह्यांत भादली बुद्रुक नांवाचें गांव आहे. तेथील ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत अंजली पाटील यांनीं स्त्रियांसाठीं राखीव असलेल्या प्रभागांतून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानें तो नामंजूर केला. तृतीयपंथीयासाठीं प्रभागच नाहीं, असें त्याचें म्हणणें. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें. २ जानेवारी २०२१ रोजीं न्यायमूर्ति घुगे यांनीं असा निर्णय दिला कीं, अर्जदारानें स्वतःस स्त्री म्हणून निवडलें आहे, आणि २०१४ च्या निकालानें तो अधिकार तिला दिला आहे. तेव्हां तिचा अर्ज घ्यावा. मात्र पुढें सोय पाहून तिला आपलें लिंग बदलतां येणार नाहीं, असेंहि बजावलें. पंधरवड्यांत मतदान झालें आणि अंजलीबाई निवडून आल्या. अठरा वर्षांच्या अंतरानें झालेल्या या दोन निवाड्यांत माणसें तींच, अडचण तीच, राखीव जागेचा पेंच तोच. बदललें तें इतकेंच कीं, पहिल्या वेळीं ‘ती कोण’ हें इतरांनीं ठरविलें, आणि दुसऱ्या वेळीं तिनें स्वतः सांगितलेलें मानण्यांत आलें.

खेड्यांतील लोक या बाबतींत शहरांतील शिकलेल्यांहून मागें आहेत असा आपला समज असतो. परंतु सोलापूर जिल्ह्यांत माळशिरस तालुक्यांतील तरंगफळ या गांवानें २०१७ मध्येंच ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच केलें. त्या गांवास कोणत्याहि न्यायालयाचा हुकूम आलेला नव्हता. पाणी, रस्ता, शाळा यांचीं कामें कोण करील एवढेंच गांवानें पाहिलें असावें. कर्नाटकांत यल्लम्माच्या जोगती परंपरेंतील मंजम्मा जोगती या लोककलावंतिणीस पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्यें तो सन्मान घेतांना त्यांनीं राष्ट्रपतींवरून पदर ओंवाळून त्यांची दृष्ट काढली, हें अनेकांनीं पाहिलें असेल. यल्लम्मेचे जोगते आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूर भागांत दारोदार जोगवा मागतात. तीच परंपरा तेथें राष्ट्रपतींच्या समोर ताठ मानेनें उभी राहिली.

परंतु सर्व मार्ग मोकळा झाला असें मात्र कोणीं समजूं नये. २०१९ मध्यें संसदेनें तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या रक्षणासाठीं कायदा केला आणि तो जानेवारी २०२० पासून अंमलांत आला. त्यांत तृतीयपंथी म्हणून ओळख मिळण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याचा दाखला हवा अशी योजना होती. यावर या मंडळींनींच मोठा आक्षेप घेतला. आपण कोण हें आपणच सांगावें असें न्यायालयानें म्हटलें, मग पुनः दुसऱ्याच्या सहीशिक्क्याची अट कशाला, असें त्यांचें म्हणणें. विराटापासूनचा खातरजमेचा हा सोस अजून सुटलेला नाहीं, असें त्यावर म्हणावेंसें वाटतें. नोकरीची वाटहि सोपी नाहीं. महाराष्ट्रांतील पोलीस भरतीच्या अर्जांत तिसरा रकाना असावा यासाठीं उमेदवारांस दाद मागावी लागली. डिसेंबर २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या कानउघाडणीनंतर सरकारनें तो ठेवण्याचें कबूल केलें. बंगालमधील कृष्णनगर येथें २०१५ मध्यें मानवी बंद्योपाध्याय या विदुषी मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, तेव्हां सर्व देशानें कौतुक केलें. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सहकार्य मिळत नाहीं म्हणून त्यांनीं राजीनामा पाठविला. खुर्ची देणें हें हुकमानें होतें. खुर्चीवर बसलेल्या माणसाचें ऐकणें हें हुकमानें होत नाहीं.

म्हणून शेवटीं आम्ही घराकडे वळतों. २०१९ च्या त्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, केवळ तृतीयपंथी आहे या कारणावरून कोणत्याहि मुलास आईबापांपासून किंवा कुटुंबापासून वेगळें करूं नये, आणि कुटुंबाच्या घरांत राहण्याचा त्याचा हक्क आहे. कायद्यास असें कलम घालावें लागलें, हीच मुळीं घरांना लाज आणणारी गोष्ट होय. एरवीं आपल्या एकत्र कुटुंबांत कोणास ठाव मिळत नाहीं? विधवा आत्या, अपंग दीर, डोक्यानें अधू असलेला चुलतभाऊ, परगांवचा शिकणारा भाचा, या सर्वांची पानें एका पंगतींत मांडलीं जातात आणि त्याचा आपल्यास रास्त अभिमान आहे. मग याच एका मुलासाठीं पंगतींत पाट कां मिळूं नये?

‘लोक काय म्हणतील’ हें पहिलें उत्तर येतें; आणि ‘बाकीच्या मुलींचीं लग्नें कशीं होतील’ हें दुसरें. दोन्हीं उत्तरें खोटीं नाहींत. त्यांत खरी भीति आहे, आणि ज्यांच्या पदरीं उपवर मुली आहेत त्यांस आम्ही हिणवूं इच्छीत नाहीं. परंतु घराबाहेर काढलेल्या मुलाचें पुढें काय होतें याचा हिशेब त्या भीतीशेजारीं मांडून पाहावा. शाळा सुटते. काम कोणी देत नाहीं. ज्या गुरूच्या डेऱ्यांत आसरा मिळतो तेथें भीक किंवा त्याहून वाईट मार्ग हेंच चरितार्थाचें साधन उरतें. या वर्गांतील साक्षरतेचें प्रमाण २०११ च्या गणनेंत एकंदर लोकसंख्येच्या ७४ टक्क्यांच्या पुष्कळच खालीं दिसलें, त्याचें कारण बुद्धीचा अभाव नव्हे. घर सुटलें कीं शाळाहि सुटते हें होय.

आणखी एक तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. ‘हे लोक लग्नाघरीं येऊन हजारों रुपये मागतात, न दिल्यास अद्वातद्वा बोलतात, यांची बाजू कसली घेतां?’ बळजबरीनें पैसे उकळणें हा अन्यायच आहे. तो तृतीयपंथीयानें केला म्हणून कमी होत नाहीं, आणि त्यास पोलीस व कायदा आहेत. परंतु ज्यास कारकुनी दिली नाहीं, शिलाईचें काम दिलें नाहीं, खोली भाड्यानें दिली नाहीं, त्यानें मागूंहि नये असें म्हणणें कितपत न्यायाचें? मागणें थांबावें असें वाटत असेल तर मिळविण्याची वाट मोकळी केली पाहिजे. मुंबईंत गौरी सावंत यांनीं ‘सखी चार चौघी’ या संस्थेमार्फत आपल्या लोकांच्या आरोग्यासाठीं व शिक्षणासाठीं पुष्कळ वर्षें काम केलें. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळीं आयोगानें मतदारांत जागृति करण्यासाठीं त्यांची दूत म्हणून निवड केली. संधि मिळाली म्हणजे माणूस काय करतो याचें हें एक उदाहरण.

मग आपण काय करावें? आम्ही मोठमोठे उपाय सुचवीत नाहीं. घरांत होण्यासारखे चारच सांगतों. पहिला असा कीं, ‘हिजडा’, ‘छक्का’ हे शब्द भित्र्या माणसाला शिवी म्हणून आपल्या घरांतील कर्त्या पुरुषांच्या तोंडीं असतात, ते बंद व्हावे. ज्या मुलास आपल्याविषयीं शंका येऊं लागलेली असते, तें मूल तो शब्द पंगतींत ऐकतें आणि आपलें बोलणें गिळून टाकतें. दुसरा असा कीं, मूल आपल्याविषयीं कांहीं सांगूं पाहत असेल तर तें एकदां पुरतें ऐकून घ्यावें. उत्तर त्याच दिवशीं दिलें पाहिजे असें नाहीं. जाणत्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा, आणि काय वाटेल तें झालें तरी शाळा सोडवूं नये. तिसरा असा कीं, अशा मुलाचें बळेंच लग्न लावूं नये. त्यानें एकाच्या ऐवजीं दोन जिवांचें वाटोळें होतें, आणि दुसरा जीव परक्याच्या घरचा असतो.

चवथा उपाय व्याकरणाचा आहे, आणि तो फुकटचा आहे. दारीं कोणी तृतीयपंथी आलें तर त्यांस नांव विचारावें, आणि ‘तुम्ही’ म्हणावें. ‘तूं’ म्हटलें कीं ‘आलास’ म्हणूं कीं ‘आलीस’ म्हणूं असा घोटाळा पडतो, आणि घोटाळा पडला म्हणजे आपण ‘काय रे’ म्हणून मोकळे होतों. ‘तुम्ही आलां, तुम्ही बसा’ यांत असा कोणताच पेंच नाहीं. मराठींतला आदरार्थी शब्द स्त्री-पुरुष भेद विचारीतच नाहीं. तो केवळ माणूस पाहतो. आपल्या भाषेनें ही सोय शेंकडों वर्षांपासून करून ठेवली आहे, ती आपण वापरली नाहीं एवढेंच.

‘आम्ही’ या शब्दाचीहि तीच गोष्ट. या सदरांत आम्ही नेहमीं ‘आम्ही’ असेंच लिहितों, आणि आमच्या कित्येक वाचकांच्या घरींहि तोच शब्द अधिक ऐकूं येतो. ‘आम्ही आलों’, ‘आम्ही जेवलों’ असें पुरुषहि म्हणतात आणि स्त्रियाहि म्हणतात. क्रियापदाचें रूप बदलत नाहीं. एकत्र कुटुंबाचा हा ‘आम्ही’ मोठा उदार आहे; त्यांत कोणाचें काय याची विचारपूस होत नाहीं. त्या ‘आम्हीं’त ज्यास जागा मिळाली, त्या मुलास पुढें निर्भयपणें ‘मी’ म्हणतां येतें. मग तें ‘मी जातों’ म्हणो कीं ‘मी जातें’ म्हणो. आणि ज्यास ती मिळाली नाहीं, तें मूल घराबाहेर पडून दुसरीकडे आपला ‘आम्ही’ शोधतें. तें आपल्या दारीं परत येतें तें कोणाच्या तरी बारशाच्या दिवशीं, टाळी वाजवीत. आणि तेव्हां आपण त्यास ओळखीत नाहीं.